रहिमतपूरच्या अलीकडं

एसटीत कंडक्टरकी केली त्या सगळ्या वर्षांत मी एकदाही खिडकीशी बसून निवांत बाहेर बघितलं नाही. बघणार कधी? तिकीट, सुट्टे पैसे, 'मागं सरका', 'आवं मावशी, ती कोंबडी मांडीवर घ्या', एवढ्यातच तासगावचं विटं व्हायचं आणि विट्याचं कराड. लोक वर म्हणायचे, आक्काताई, तुमचं बरं हाय, रोज फिरायला मिळतंय. असं म्हणणाऱ्याला मी मुद्दाम उभं ठेवायची, जागा असली तरी.

आमचे मालक नाथाजी माझ्याच डेपोत ड्रायव्हर. त्यांनी निदान पुढच्या काचेतनं रस्ता तरी बघितला. मी बघितले ते लोकांचे खिसे आणि पिशव्या. म्हणून मी त्यांना आधीपासून बजावून ठेवलं होतं की रिटायर झालो की जिथलं तिकीट मी आयुष्यात फाडलं नाही तिथं मला न्यायचं. राजस्थान, हरिद्वार, काश्मीर. घाई करायची नाही, वाटलं तिथं थांबायचं, चहा करायचा, झोपायचं. ते नुसती मान हलवायचे. बोलण्यात त्यांचा हात आखडताच.

पण माणूस शब्दाचा पक्का. रिटायर झाल्यावर त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि मलकापूरच्या जैनुद्दीन मिस्त्रीच्या वर्कशॉपात नेऊन लावली. मिस्त्रीची हयात ट्रकच्या बॉड्या बांधण्यात गेलेली. त्यानं आत पलंग केला, पलंगाखाली खण, गॅसची शेगडी, छतावर पाण्याची टाकी, मागं पडदा लावून मोरी. खिडक्या मात्र मी मोठ्या करायला लावल्या. मिस्त्री म्हणाला, "भाभी, एवढी काच कशाला? ऊन लागंल." मी म्हटलं, लागू दे, पण दिसू दे.

पोरगा मल्हार पुण्यात कंपनीत आहे. त्याला हे सगळं खूळ वाटायचं. "आई, विमानाचं तिकीट काढून देतो, आठ दिवसांत काश्मीर बघून या." मी त्याला सांगितलं, बाबा रे, तू मला तिकिटाचं नको शिकवूस.

दिवाळी झाल्यावर निघालो. गल्लीतल्यांनी नारळ फोडला. पहिलं औंधला जायचं, यमाईची ओटी भरायची, तिथनं रहिमतपूर, सातारा आणि मग सरळ उत्तरेला, असा बेत. मी पलंगावर बसले, मोठ्या काचेला टेकून. काय सांगू तुम्हाला. ज्या रस्त्यानं हजार वेळा गेले त्या रस्त्याकडेला एक तळं आहे हे मला त्या दिवशी कळलं. पुसेसावळी येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

वाटेत चाक दोनदा खाली मातीत उतरलं. मागनं लोकांनी हॉर्न वाजवले. मी म्हटलं, "आवं, नव्या नवरीला जपून न्या की." ते म्हणाले, "रुंदीचा अंदाज यायला लागतोय अजून." एवढा जुना ड्रायव्हर, गाडीला कधी ओरखडा नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?

औंधच्या डोंगरावर दर्शन झालं. उतरताना मी पुढं त्यांच्या शेजारी बसले. एका वळणावर डाव्या अंगाला एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. मला ती लांबूनच दिसली. गाडी जवळ जवळ जायला लागली, हे काही बाजूला घेईनात. भारा माझ्या खिडकीत आला तशी मी किंचाळले. त्यांनी ब्रेक मारला. बाई कठड्याला चिकटून उभी, भारा खाली गडगडत गेलेला. तिनं आम्हाला जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं, आणि तिचं काही चुकलं नाही.

नाथाजींनी स्टेअरिंग तसंच धरून ठेवलं होतं. समोर बघत मला विचारलं, "कोण हाय?"

"कोण हाय म्हंजे?"

"डाव्या अंगाला कोण हाय, आक्का?"

मी हात त्यांच्या कानाजवळ धरला. म्हटलं, "हात दिसतोय?"

"कुठला हात?"

हात हळूहळू पुढं घेत गेले. पार नाकासमोर आला तेव्हा म्हणाले, "आता दिसला."

मग त्यांनी सांगून टाकलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना. पाइपातनं बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसायचं, बाजूचं सगळं गेलेलं. कराडच्या डॉक्टरनं वर्षापूर्वीच सांगितलं होतं की गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंब घालून सांभाळा आणि गाडीला हात लावू नका. मला मात्र ह्यांनी सांगितलं होतं की डोळे कोरडे पडल्यात. दाराला, खुर्चीला धडका घ्यायचे तर मी उलट ओरडायची, लक्ष कुठं असतंय म्हणून. वर्षभर हा माणूस मिस्त्रीकडं जाऊन गाडी बांधून घेत होता, आणि मी तिकडं पडद्याचं कापड निवडत होते.

"आरं द्येवा," मी म्हटलं. "तुमाला लाज न्हाई वाटली?"

"वाटली की."

मागं चार-पाच गाड्या थांबलेल्या. हॉर्नवर हॉर्न. रस्ता असा की बाजूला घ्यायला जागा नाही, आणि मला गाडी येत नाही. रागवायलासुद्धा वेळ नव्हता. मी दार उघडून पायरीवर उभी राहिले, एका हातानं दांडी धरली आणि दुसऱ्या हातानं पत्र्यावर थाप मारत, डेपोत गाडी मागं घेताना सांगायचो तसं सांगायला लागले. "येऊ द्या... येऊ द्या... डावी जपा... हां, सरळ... सायकल हाय, थांबा... जाऊ द्या." आवाज मात्र डेपोतलाच ठेवला. प्रत्येक वळणाला वाटत होतं, गेलो आता. सगळा डोंगर तसा उतरवला.

खाली चिंचेखाली गाडी लावली आणि मग मी तोंड सोडलं. तासभर बोलत असेन. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "सांगितलं असतं तर तू निघाली असतीस का?"

"न्हाई."

"म्हणून न्हाई सांगितलं. जलमभर एकच मागितलंस माझ्याजवळ. म्हटलं, दिसतंय तवर तुला नेऊन आणावं. मिस्त्रीनं येळ लावला, आन डोळं काय थांबलं न्हाईत."

मी दुसरे मार्ग मनात घोळवून बघितले. माझा डावा गुडघा बदललेला, क्लच दाबायला तो चालणार नाही. बाहेरचा ड्रायव्हर ठेवायचा तर एका पलंगाच्या गाडीत महिनोन्‌महिने परका माणूस झोपवायचा कुठं? मल्हारला सांगितलं तर तो येणार, गाडी परत नेणार आणि पहिल्या गिऱ्हाइकाला विकून टाकणार. म्हणजे संपलं. एकसष्टाव्या वर्षी पुन्हा कोण मला गाडी बांधून देणार होतं?

तेवढ्यात ते माझा हात धरून म्हणाले, "आत्ता उतरलो का न्हाई आपण? सगळा डोंगर. तू सांगत जा, मी चालवतो. हळू जाऊ. असंच काश्मीरपतोर जाऊ, आक्का. कुणाला कळायचं बी न्हाई."

माणूस बुडायला लागला की काय धरेल सांगता येत नाही. मी म्हटलं, चला.

आणि जमलं की हो. मी पुढं सरकून बसले, डोळ्यात तेल घालून. "डावीकडं म्हैस. उजव्या अंगानं ट्रॅक्टर. पुढं खड्डा, जरा डावी." ते हुकमासारखं चालवायचे. औंध मागं पडलं. रस्ता सरळ लागला. पाच मैल, सात मैल. मला वाटायला लागलं की होतंय, होतंय बघा. माझा हरिद्वारचा विचारसुद्धा करून झाला. ते गुणगुणायला लागले. वर्षभरात मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

उजव्या अंगाला ज्वारीचं रान होतं. त्या रानातनं एकदम भोरड्यांचा थवा उठला. हजारो पाखरं. सगळी मिळून वळली, खाली आली, फिरून वर गेली, चादर झटकावी तशी. एवढी वर्षं ह्या भागात काढली आणि असं काही मी बघितलं नव्हतं. मी बघत राहिले. फार नाही, एक-दोन श्वास असतील.

धाडकन आवाज आला.

डावीकडनं चाललेली स्कूटर होती. गाडीचा कोपरा तिच्या आरशाला लागला आणि स्कूटर रस्ता सोडून उसाच्या सरीत गेली. एक तरणा माणूस आणि मागं त्याची बायको. मी कशी खाली उतरले मला ठाऊक नाही. दोघं उठून उभी राहिली तेव्हा कुठं माझा जीव जागेवर आला. त्याचा गुडघा खरचटला होता, तिच्या कोपरातनं रक्त येत होतं.

"ये म्हाताऱ्या," तो माणूस ओरडत वर आला, "दिसत न्हाई व्हय रं तुला?"

मला असं कुणी बोललं की माझ्या तोंडात उत्तर तयार असतं. आयुष्यभर गर्दीशी भांडलेली बाई मी. पण माझ्या आधी नाथाजी उतरले होते. गाडीच्या पत्र्याला हात लावत लावत पुढं आले आणि हात जोडले. तो माणूस उभा होता त्याच्या बरंच बाजूला तोंड करून हात जोडले.

"न्हाई दिसत, दादा," ते म्हणाले. "खरंच दिसत न्हाई मला."

त्या माणसानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आन तुमी ह्यास्नी गाडी चालवाय देताय?"

मी त्याच्या बायकोचा हात धरला.

तिला मी आत घेतलं, टाकीच्या पाण्यानं कोपर धुतलं, हळद लावली. नवीन गाडीतलं ते पहिलं काम. पोर साधी होती बिचारी. रक्त वाहत असताना पलंग, शेगडी, पडदे सगळं बघत होती. म्हणाली, "किती छान हाय वं आत. कुठं निघालाय?"

"कुठं न्हाई," मी म्हटलं.

ती दोघं गेल्यावर आम्ही तिथंच कडेला बसून राहिलो. ते म्हणाले, "तू भाईर बघत हुतीस न्हवं?"

"व्हय."

"काय हुतं?"

"भोरड्या."

त्यांनी मान हलवली. "बघायलाच तर निघालीस. तुझं काय चुकलं?"

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कारण आता मला स्वच्छ दिसत होतं. मी बाहेर बघितलं की कुणाचातरी जीव जाणार. आणि बाहेर बघायचंच नाही, रस्त्यावर नजर रोवून 'डावी जपा, उजवी जपा' करत काश्मीरला जायचं, तर मग पुन्हा कंडक्टरकीच की ती. हिमालय शेजारनं गेला असता आणि मी त्यांना खड्डा दाखवत बसले असते. दोघांनीही काही बघायचं नाही आणि सगळा देश फिरायचा. मला मोठ्यानं रडावंसं वाटलं. रडले पण. लाज कसली त्यात.

त्यांनी किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी मागितली नव्हती.

मल्हारला फोन लावला. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "कुठवर पोचलात?"

"रहिमतपूरच्या अलीकडं."

तो हसला. "एवढ्यातच? गाडी बिघडली ना? मी सांगत होतो."

नाथाजी माझ्या शेजारी बसले होते. मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत माराची वाट बघत पोर बसावं तसे. पोटच्या पोरानं त्यांना आजपासून आंधळा म्हणून वागवावं, जेवताना ताट पुढं सरकवावं, हे मला एकदम डोळ्यापुढं आलं. किल्ली माझ्याकडं होती. ती मी पुन्हा कधी देणार नव्हते. मग बाकीचं त्याला आज कळलंच पाहिजे असं कुठं होतं?

"गाडी चांगली हाय," मी म्हटलं. "मलाच जायचं न्हाई. माझंच मन उडालं. तू ये आन गाडी घेऊन जा. इकून टाक."

पलीकडं मग तो असा भडकला म्हणून सांगू. वर्षभर बाबा त्या मिस्त्रीकडं हेलपाटे घालतात, तुझ्यासाठी एवढं करतात, आणि तू एका दिवसात मागं फिरतेस? तुझं हे नेहमीचंच आहे, आई. तुला कशातच समाधान नाही. माणसाच्या कष्टाची काही किंमत आहे का नाही तुला? मी ऐकत गेले. मला आयुष्यात कुणी एवढं बोललं नव्हतं आणि बोललं असतं तर मी ऐकूनही घेतलं नसतं.

"बाबांना दे फोन," तो म्हणाला. "त्यांना काय वाटत असेल?"

मी फोन पुढं केला. त्यांनी घ्यायला हात केला तो भलतीकडंच. मी मनगट धरून फोन त्यांच्या मुठीत ठेवला. मला खात्री होती, आता हे सांगणार. परक्या माणसापुढं हात जोडून सांगितलं, मग पोराला का नाही सांगणार?

"जाऊ दे रं मल्हार," ते म्हणाले. "तिच्याच्यानं न्हाई हुत आता. वय झालं तिचं. तू तिला काय बोलू नगंस."