फितीखालचा दरवाजा

“थांबा की आके, पुरावाच दाखवते!”

मी फोन ओरोझबेक आकेंच्या नाकापुढे धरला. आमच्या अंगणात लग्नाहून परत आलेली पांढरी गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या दरवाजावर वीतभर ओरखडा होता. लग्नासाठी गाडी भाड्याने द्यायचा बाबांचा धंदा. देण्याआधी तिचा व्हिडिओ काढायची कल्पना माझी. हल्ली मला अशा कल्पना धडाधड सुचतात. पूर्वी गिऱ्हाइकं बाबांना सहज गुंडाळायची, आता माझ्यापुढे एकाचीही डाळ शिजत नव्हती.

वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे ‘आके’ म्हणतात. ओरोझबेक आके आमच्या शाळेची कोळशाची भट्टी सांभाळतात. आमच्या डोंगराळ नारिन गावच्या थंडीत आमचे वर्ग उबदार राहतात ते त्यांच्या फावड्यावर. मुलीची पाठवणी त्यांनी याच गाडीतून केली होती, थेट दूरच्या तालास शहराला, सासरी.

व्हिडिओत गाडीच नवरी दिसत होती. मागच्या दरवाजाच्या कडीला मी बांधलेलं फितीचं भलंमोठं फूल, त्याचे रुंद पट्टे खालपर्यंत लोंबलेले.

“दिसतोय कुठे ओरखडा? नाही ना!”

“पोरी, त्या फितीखाली असेल तर?”

“फितीखाली काय नवरी लपलीय?” मी म्हटलं आणि स्वतःच खिदळले.

बाबा हसले नाहीत. बोनेटवर हात फिरवत म्हणाले, “वाटेत पोरांनी दोरी आडवी धरलीच असेल की. मिठाई घेतल्याशिवाय वरात सोडतंय कोण? झटापटीत लागलं असेल.”

“दोरी धरली होती खरी,” आके पुटपुटले. टोपी काढली, परत घातली. “मी पुढे बसलो होतो. मागे बघवत नव्हतं. मुलगी रडत होती.”

अनामत परत मिळणार नाही, असं बाबांनी सांगितलं. त्याच पैशांत आके आणि त्यांची बायको तालासला लेकीला भेटायला जाणार होते.

“असू दे. लेक जिच्यातून गेली त्या गाडीवरून भांडू कशाला?”

फिती त्यांनी इस्त्री करून आणल्या होत्या. माझ्या हातात ठेवल्या आणि निघाले.

“वकीलच होणार माझी पोरगी!” बाबा म्हणाले, पण गाडीकडे बघत. मी मात्र दोन दिवस नुसती तरंगत होते.

मग पुढचं गिऱ्हाईक यायची वेळ झाली. मी फोन घेऊन धावले, तर बाबा फिती घेऊन उभे. “आधी फूल बांध. मागच्या दरवाजाला. मग काढ व्हिडिओ.”

“बाबा, आरशाला बांधू ना, मस्त फडफडेल!”

“तिथंच म्हटलं ना.”

गेल्या खेपेलाही ते हेच म्हणाले होते. अगदी हेच.

मी बांधलं. पट्ट्याखाली ओरखडा टोकापासून टोकापर्यंत गडप झाला.

“बाबा, हा आधीपासून होता?”

“गाडीचे हप्ते कोण भरणार, तू?” ते हळूच म्हणाले. “आणि त्या दिवशी जीभ तर तूच चालवलीस.”

मी फूल सोडलं आणि ओरखड्याचा अगदी जवळून व्हिडिओ काढला. बाबांनी अडवलं नाही. आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी भट्टीच्या खोलीत गेले. मला बघताच आकेंनी फावडं उचललं. “काय गं, वर्ग गार पडलाय?”

“ओरखडा फितीखालीच होता. फीत मीच बांधली होती.” मी एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी कोळसा आत लोटला, भट्टीचं दार लावलं.

“म्हणजे जावयाला मी उगाच बोललो,” ते म्हणाले. “त्याच्या भावानं चालवली होती ना गाडी. फोनवर नाही नाही ते बोललो. जावई गप्प राहिला. लेक मात्र तेव्हापासून फोन उचलत नाही.”

“मी पैसे आणते आके. आजच.”

“बाबांकडे मागून आण. कपाटातून उचलून नको.” ते परत फावड्याकडे वळले. “आणि मागताना आवाज चढवू नकोस. बाप आहे तुझा.”

मी जिना चढून वर्गात आले. खिडकीखालच्या, भट्टीवर तापणाऱ्या गरम पाण्याच्या नळांभोवती सगळ्या मुली कोंडाळं करून हात शेकत होत्या.

“बेगायीम, ये ना! आज कसले तापलेत बघ!”

त्यांनी सरकून मला जागा केली. मी जाऊन उभी राहिले. हात कोटाच्या खिशातच ठेवले.