पानाआडची चीर

मित्रांनो, मी एका जुन्या हीटरचा गाभा आहे. गॅसची आग माझ्या पोटात जळायची. तिचा विषारी वायू नळीतून घराबाहेर जायचा आणि खोलीतली हवा माझ्या अंगावरून वाहत ऊबदार व्हायची. आतलं बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

इतर गाभे म्हणजे पत्र्याचे सरळसोट डबे. मला घडवणाऱ्या बाईंना ते बघवेना. त्यांनी माझ्या पत्र्यावर एकमेकांवर रेललेली पानं उठवली, त्यांच्या कडा मुडपल्या, समोर काच बसवली. मुडपलेल्या जागी पत्रा लवकर थकतो, दरवर्षी आतून तपासा, असं त्यांनी दुकानदाराला बजावलं होतं. त्याने विकताना फक्त पानांचं कौतुक केलं.

शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी मला घेतलं. घरात त्या आणि त्यांची नणंद. माप द्यायला आलेली गिऱ्हाइकं आधी माझ्यासमोर थबकायची. ताई मऊ फडक्याने एकेक पान पुसायच्या. मी फुगून जायचो. पोटात मात्र कुणी डोकावलं नाही.

मग एका हिवाळ्यात पानाच्या मुडपीत बारीक चीर गेली. तिच्यातून जे बाहेर येत होतं त्याला रंग नव्हता, वास नव्हता. ताईंचं डोकं दुखू लागलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं नणंदेचं म्हणणं. ताईंनी चष्मा बदलला. थंडी बाधली असं समजून खिडक्यांच्या फटीही चिंध्यांनी बुजवल्या. बाजारात गेल्या की त्यांना बरं वाटे, घरी आल्या की पुन्हा तेच. शिवण वाकडी जाऊ लागली, तेव्हा आता वय झालं म्हणून त्या हसल्या. मला सगळं कळत होतं, पण सांगू कसं? मी तापलो की चीर आणखी उघडायची.

एका दुपारी मशीनचा आवाज थांबला. ताईंचं डोकं अर्ध्या शिवलेल्या झग्यावर टेकलं होतं, डुलकी लागल्यासारखं. नणंद बाहेरून आली. वहिनी हलेना, तशी तिने तिला काखेत धरून ओढत बाहेर मोकळ्या हवेत, जिन्यावर नेलं.

ताई वाचल्या. बोटांची थरथर तेवढी राहिली. आता सुईत दोरा नणंद ओवून देते.

हीटर तपासायला बोलावलेल्या मिस्त्रीने खोलीत अंधार करून माझ्या पोटात दिवा सोडला. पानाच्या कडेने उजेडाची रेघ बाहेर आली.

"आतून कधी पाहिलं नव्हतं?" त्याने विचारलं.

"बाहेरून रोज पुसत होते," ताई म्हणाल्या.

मला भंगारात घातलं. तिथे काल एक जोडपं आलं. नव्या खानावळीसाठी त्यांना काहीतरी देखणं हवं होतं. पानांवरून हात फिरवत त्यांनी हा चालतो का म्हणून विचारलं. रंग मारला की नवाच, असं भंगारवाला म्हणाला. तो रंग अजून ओला आहे. त्याने चीर झाकली गेली आहे.

मित्रांनो, थंडीत कुठल्याशा ऊबदार खोलीत आपली भेट होईल. तिथे डोकं जड झालं, तर शेजारी बसलेल्यालाही हाताला धरून आधी बाहेर पडा. माझं कौतुक नंतर करा.