दिवे विकणारी बाई

तिने गेमचा कंट्रोलर उलटा धरला होता. नवऱ्याने तो सुलटा करून दिला आणि निकालाची वाट बघत असल्यासारखा सोफ्याच्या कडेवर टेकला.

गेम त्याच सकाळी बाजारात आला होता. तीन वर्षं तो त्यातल्या माणसांचे संवाद लिहीत होता, पण घरी त्यातलं अक्षरही त्याने दाखवलं नव्हतं. आज बायकोला लॅबमधून सुट्टी होती. त्याची आई जेवून आतल्या खोलीत झोपली होती. आणि त्याला जन्मात गेम न खेळलेल्या माणसाचं मत हवं होतं.

पडद्यावर तिघे उभे राहिले. योद्धा, वैद्य आणि चोर.

“यातलं एक व्हायचं,” तो म्हणाला. “तू वैद्यच घेशील.”

“आठवडाभर लोकांचं रक्त काढते. सुट्टीतही तेच करू?”

तिने चोर निवडला.

पहिली काही मिनिटं तिचा चोर एका भिंतीला धडका देत राहिला. नवऱ्याचे हात शिवशिवत होते; त्याने ते मांड्यांखाली दाबून ठेवले. मग एकदाची वाट सापडली. पायांखाली गवत वाकत होतं. नदीपाशी ती थांबली आणि बराच वेळ थांबूनच राहिली.

“पाणी सुरेख झालंय.”

“पाणी माझं नाही. माझं फक्त बोलणं.”

“मग कुणीतरी बोलणारं भेटव.”

एक घोडेस्वार राजकन्या हरवल्याचं सांगत आला. तिने त्याला तसंच सोडून एका खुराड्यातलं अंडं उचललं. मालक काठी घेऊन मागे लागला, तशी ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि हसू लागली. किती दिवसांनी ती अशी हसत होती, ते नवऱ्याच्या लक्षात आलं नाही. तो पडद्याकडेच बघत होता.

पळता पळता ती एका दुकानात शिरली. आत एक बाई कंदिलांच्या काचा पुसत होती. फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून, आतून बाहेर.

“तू हो पुढे,” पडद्यावरची बाई म्हणाली. “मागचं मी बघते.”

बायकोने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

“हे वाक्य माझं आहे.”

“हो.” तो संकोचून हसला. “सगळ्यांना तीच फार आवडली ऑफिसात. कुणीही आत लपलं तरी ती सांभाळून घेते.”

चोराला बोलायला खाली तीन वाक्यं आली होती. आभार मान. कंदील माग. माझ्याबरोबर चल. तिने तिसरं वाक्य निवडलं.

बाईने फडकं खाली ठेवलं. “मी गेले तर इथलं कोण बघणार?” असं म्हणून तिने पुन्हा फडकं उचललं.

बायकोने तेच वाक्य परत निवडलं. तेच उत्तर आलं.

“ती येत नाही,” नवरा म्हणाला. “तिला दुकानाबाहेर चालताच येत नाही. तसं केलंच नाही आम्ही. गरज नव्हती.”

तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“सोमवारी लॅबच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं होतं,” ती म्हणाली. “मोठ्या लॅबमध्ये सहा महिन्यांचं शिक्षण आहे. दुसऱ्या शहरात. आल्यावर विभाग माझ्याकडे देतील.”

“मग? काय म्हणालीस?”

“ती म्हणाली तेच.” तिने पडद्याकडे बोट केलं.

नवऱ्याने मांड्यांखालून हात काढले. पडद्यावरची बाई काच पुसत होती. एक झाली की दुसरी, मग पुन्हा पहिली. त्याने ते सगळं पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणी लिहिलेलं.

“मला बोलली नाहीस.”

“तुझा गेम यायचा होता.”

आतून खोकल्याचा आवाज आला. ती सवयीने उठू लागली. त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आईच्या दुपारच्या गोळ्या कुठे असतात?”

“ओट्यावरच्या फडताळात. पांढरी अर्धीच द्यायची.”

“अर्धी कशाने करतेस?”

“सुरीने. खाली बशी घे, नाहीतर उडते.”

तो स्वयंपाकघरात गेला. फडताळ उघडल्याचा आवाज आला, मग बरंच काही खाली पडल्याचा. ती जागची हलली नाही. थोड्या वेळाने तिने मोबाइल उचलला, मॅडमचा नंबर लावला आणि फोन कानाला धरला.