सोबत गाऊ नये

स्टेडियममध्ये गाणं ऐकायला जाणारा माणूस आणि मेळ्यात जिलबी खायला जाणारा माणूस यांच्यात पुलकेश भादुडींना फारसा फरक दिसत नसे. मेळ्यात निदान जिलबी हातात तरी पडते, एवढंच ते कबूल करत.

भादुडी विमा कंपनीतून निवृत्त झाले होते, पण 'लोडशेडिंग' या बँडचे रसिक म्हणून अजून सेवेत होते. हा बँड कलकत्त्यात वीज जायची त्या काळातला. वीज गेली की कॉलेजच्या जिन्यात पाच पोरं गिटार घेऊन बसायची, वीज आली की उठायची. पुढे वीज जायची थांबली आणि बँड मात्र चालू राहिला. गाणारा बुलुदा. गाणी त्याचीच, चालीही त्याच्याच. जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर जी मंडळी तेव्हा बसली होती त्यांत भादुडी होते, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत.

आता 'लोडशेडिंग' सॉल्ट लेकच्या स्टेडियममध्ये गात असे. म्हणून भादुडींनी 'श्रोता संसद' काढली होती. दर रविवारी सकाळी त्यांच्या गच्चीवर ती भरे. जुन्या ध्वनिफिती ऐकायच्या, कुरमुऱ्यांची मुडी आणि कांदाभजी खायची आणि स्टेडियमचा निषेध करायचा. नियम कडक होते. गाणं चालू असताना बोलायचं नाही, ताल धरायचा नाही आणि सोबत गायचं तर मुळीच नाही. शेवटचा सूर पूर्ण विरला की तीन सेकंद थांबून टाळ्या. एकदा एक नवा सभासद चुकून गुणगुणला. त्याला चहा देऊन जिन्यापर्यंत पोचवण्यात आलं.

"शास्त्र बघा," नित्यप्रिय सेनशर्मा म्हणायचे. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि भादुडींचे उजवे हात होते. "मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचायला वेळ लागतो. पुढचा माणूस टाळ्या वाजवून घरी गेला तरी मागच्याचं कडवं चालूच."

"मला नाही तसं वाटलं," भादुडींच्या बायकोनं, शर्बरीनं, भज्यांची ताटली ठेवत सांगितलं. हिवाळ्यात ती गल्लीतल्या बायकांबरोबर बस ठरवून स्टेडियमला जाऊन आली होती. घराण्यातली ही बातमी भादुडींनी संसदेपासून बरेच दिवस लपवली होती.

"बौदी, तुम्हाला दिसलं काय तिथं? मुंगी?" सेनशर्मांनी वहिनींना विचारलं.

"मुंगी कसली! पडद्यावर चांगला दोन मजली बुलुदा दिसतो. नाकातले केससुद्धा."

"आणि ऐकलंत काय?"

"मिठूच्या आईला. ती माझ्या कानातच गात होती. बुलुदा एक ओळ म्हणतो, माइक आमच्याकडे करतो, मग पुढची ओळ सगळं स्टेडियम म्हणतं."

"म्हणजे तिकीट तुम्ही काढायचं आणि गायचंही तुम्हीच!" भादुडी म्हणाले. "लाज नाही वाटत?"

"एवढ्या लोकांत कोणाची वाटायची?"

संसद हसली. भादुडी हसले नाहीत. त्यांनी आत जाऊन एक लेख लिहायला घेतला. 'स्टेडियम: एक सांस्कृतिक गैरसोय' या नावानं तो एका त्रैमासिकात आला. त्रैमासिक वर्षातून एकदा निघे, पण लेख नेमका बुलुदाच्या हाती लागला. आठवड्यानं बँडचा पिनाकी, जो कीबोर्ड वाजवतो आणि बाकीचं सगळं सांभाळतो, भादुडींच्या दारात उभा राहिला.

"बुलुदा म्हणतो, एकदा छोट्या हॉलमध्ये गाऊ. तुमच्या लोकांसाठी."

भादुडींनी त्याला आत नेऊन बसवलं आणि पुढ्यात संदेश मिठाईची बशी ठेवली. भादुडींना आयुष्यात फार काही नको होतं. बुलुदानं एकदा, फक्त एकदा, म्हणावं की तुम्हा मंडळींसमोर गाण्यात जे आहे ते तिकडे नाही. चाळीस वर्षं नीट ऐकलं, त्याची एवढीच पोच. ती आता त्यांच्या दिवाणखान्यात येऊन संदेश खात होती.

"'छत्री' हे गाणं मात्र त्यानं एकट्यानं म्हणावं," भादुडींनी अट घातली. "फक्त गिटार घेऊन, जिन्यात म्हणायचा तसं. तुम्ही सगळ्यांनी त्या वेळी आत जायचं."

पिनाकीचा संदेश बशीतच राहिला. "एकट्यानं नको, दादा. मी राहीन बाजूला. वाजवणार नाही."

"नुसता बसून काय करशील? आरती ओवाळशील?"

"बरं. पण मग एक विनंती आहे. तुमची मंडळी थोडं गातील का सोबत? बुलुदाला हल्ली ते बरं पडतं."

भादुडी लहान मुलाकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहून हसले. "पिनाकी, स्टेडियमनं तुम्हाला वाईट सवयी लावल्यात. आम्ही त्या सोडवू. तू काळजी करू नकोस."

"तसं नाही, दादा..." पिनाकीनं चहाच्या कपात पाहिलं. "बघा, जमलं तर."

तो गेल्यावर शर्बरी म्हणाली, "तो काहीतरी सांगायला आला होता."

"काय?"

"तुम्ही सांगू दिलंत कुठे?"

शशिभूषण मंच हा हॉल लहान, खुर्च्या लाकडी, पंखे जुने. आवाज नको म्हणून भादुडींनी पंखे बंद करायला लावले. सगळी संसद आली होती, शिवाय संसदेच्या विचारांचे पुष्कळ लोक. सुरुवातीला भादुडी स्वतः मंचावर गेले. धोतराची निरी सारखी केली आणि माइकपासून थोडं लांब उभं राहून बोलले. माइकची गरज पडू नये, हाही त्यातला मुद्दा होता.

"आज आपण गर्दी नाही, श्रोते आहोत. तेव्हा एकच प्रार्थना. कृपा करून कोणीही सोबत गाऊ नये. ज्यांना गायचं आहे त्यांच्यासाठी सॉल्ट लेकला भरपूर जागा आहे."

हशा झाला, टाळ्या झाल्या. विंगेत पिनाकी उभा होता. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत, हे भादुडींना दिसलं. त्याला राग आला असेल, असं समजून त्यांना थोडं बरंच वाटलं.

बुलुदा आला. केस पांढरे झाले होते, पोट थोडं सुटलं होतं, आवाज मात्र तोच. पहिली गाणी झकास झाली. बुलुदा गाताना सारखा पिनाकीकडे पाहत होता आणि पिनाकी वाजवता वाजवता ओठ हलवत होता.

"काय संवाद आहे दोघांत!" सेनशर्मा कुजबुजले. "स्टेडियममध्ये दिसेल हे?"

"अशक्य," भादुडी म्हणाले.

मग ठरल्याप्रमाणे बाकीचे आत गेले. पिनाकी सगळ्यांच्या शेवटी गेला आणि जाताना त्यानं दोनदा मागे वळून पाहिलं. मंचावर बुलुदा, स्टूल आणि गिटार. 'छत्री' सुरू झाली.

पहिलं कडवं त्यानं असं म्हटलं, की भादुडींच्या अंगावर काटा आला. शर्बरीनंही डोळ्यांना पदर लावला. कडवं संपलं. गिटारीवर मधला तुकडा वाजला, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी आला, आणि बुलुदानं हसून माइक दांडीवरून काढला आणि लोकांपुढे धरला.

कोणी गायलं नाही.

हॉलमध्ये जितकी माणसं होती तितक्यांना ते कडवं पाठ होतं. काहींनी त्यावर लेख लिहिले होते. सगळे अत्यंत आदरानं गप्प बसले.

बुलुदानं माइक परत लावला, तुकडा पुन्हा वाजवला. पुन्हा तोंडाशी आला. पुन्हा माइक पुढे.

"पॉज बघितलात?" सेनशर्मांचा श्वास भादुडींच्या कानाला लागला. "या पॉजला फार मोठी छाती लागते."

शेजारी शर्बरीनं श्वास घेतला. तिच्या गळ्यात पहिला शब्द आलेला भादुडींना कळला. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि दाबलं. "श्श."

तो शब्द तिनं परत गिळला.

बुलुदानं कपाळावर हात आडवा धरला आणि दिव्यांच्या पलीकडे पाहिलं. "आहात ना?"

"आहोत!" मागून कोणीतरी अभिमानानं ओरडलं. "अगदी शांत आहोत!"

पुन्हा हशा. बुलुदाही हसला. भादुडी तिसऱ्या रांगेत होते, आणि तिसऱ्या रांगेतून माणसाचा चेहरा चांगला दिसतो. याचसाठी तर त्यांनी लेख लिहिला होता. बुलुदाचे ओठ हलत होते. दारात उभा राहून किल्लीसाठी एकेक खिसा चाचपणाऱ्या माणसासारखे ते हलत होते. हा खिसा, तो खिसा, पुन्हा पहिला. गिटारीवर तोच तुकडा फिरत होता आणि दर फेरीला थोडा हळू होत होता.

तेव्हा भादुडींना कळलं. पिनाकीचे ओठ कळले, चहाचा कप कळला आणि सगळं स्टेडियम कळलं.

पहिला शब्द फक्त द्यायचा होता. 'काळ्या.' एवढाच शब्द. भादुडींनी तोंड उघडलं. आणि त्यांच्या मनात आलं की थोड्या वेळापूर्वी, धोतराची निरी सारखी करून, आपणच सांगितलं होतं. लोक काय म्हणतील? सेनशर्मा काय म्हणतील? हा विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते तोंड उघडं ठेवून बसले. मग त्यांनी ते मिटलं. बायकोचं मनगट अजून त्यांच्या हातात होतं.

पिनाकी धावत आला. त्यानं बुलुदाच्या कोपराला धरून त्याला उठवलं, दुसऱ्या हातानं लोकांना नमस्कार केला आणि पडदा पडला.

तीन सेकंदांनी, शिस्तीत, टाळ्या झाल्या.

"गाणं अर्धवट सोडलं!" बाहेर सेनशर्मा ज्याला त्याला धरून सांगत होते. "अर्धवटपणातच त्याचं पूर्णत्व आहे. पुलकेशदा, तुमचा विजय आहे हा. बोला काहीतरी."

भादुडींच्या तोंडून "पंखे बंद होते म्हणून आवाज स्वच्छ आला," एवढंच निघालं.

"आत चला," शर्बरी म्हणाली.

"त्यांना विश्रांती..."

"आत चला म्हणते ना."

रंगपटात बुलुदा एक चप्पल काढून बसला होता आणि पिनाकी त्याला पाणी पाजत होता. बुलुदाची मुद्रा प्रसन्न होती. भादुडींना पाहून त्यानं हात जोडले.

"या, या. हॉल छान आहे. लोक आले नव्हते का पण?"

"आले होते, बुलुदा," पिनाकी म्हणाला. "भरला होता."

"असं?" बुलुदाला नवल वाटलं. "आवाज नव्हता कोणाचा. मला वाटलं, गेले असतील."

भादुडींनी माफी मागायचं ठरवलं होतं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण विमा कंपनीत आयुष्य गेलेल्या माणसाला चूक आपली होती असं वाक्य एकदम म्हणता येत नाही. त्याऐवजी ते म्हणाले, "ते दुसरं कडवं..."

"हां, ते! काय होतं हो ते? तुम्हाला येतं?"

"येतं." आणि भादुडींनी उभ्या उभ्या, पॉलिसीतली अट वाचून दाखवावी तशा सुरात, म्हटलं:

"काळ्या छत्रीत दोघांना जागा,
एकाचा खांदा पावसाला देऊ.
तुझा की माझा, ते नंतर ठरवू,
आधी ही गल्ली ओलांडून घेऊ."

बुलुदा मान हलवत ऐकत होता. "बरं लिहिलंय," तो म्हणाला. "कोणाचं?"

भादुडी मोठ्यानं हसले. बुलुदा थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध होता, आणि आपल्याला त्याची थट्टा कळते हे दाखवायची सवय भादुडींना चाळीस वर्षांची होती. हसणं बऱ्यापैकी लांबलं. मग त्यांच्या लक्षात आलं की खोलीत ते एकटेच हसत आहेत. पिनाकी पाण्याच्या पेल्याकडे पाहत होता. बुलुदा उत्तराची वाट पाहत होता, सभ्यपणे, चेहऱ्यावर हसू न आणता.

असं हसू बंद कसं करायचं हे कोणी शिकवत नाही. ते आपोआप आटेपर्यंत भादुडींना तिथंच उभं राहावं लागलं.

शर्बरीनं एक मोडकं स्टूल ओढलं आणि बुलुदाच्या समोर बसली. कोणाला न विचारता ती गायला लागली. सूर बेताचा होता आणि पहिलाच शब्द चुकला होता. 'निळ्या छत्रीत दोघांना जागा,' असं ती म्हणाली.

भादुडींच्या जिभेवर 'काळ्या' आलं.

बुलुदाचा चेहरा वर झाला. दुसरी ओळ त्यानं तिच्यामागून पकडली, तिसरीत तो तिच्याबरोबर आला, आणि चौथीला गल्ली ओलांडताना तोच पुढे होता. कडवं संपताच त्यानं मांडीवर ताल धरून पुन्हा उचललं. निळ्या छत्रीत. आता तोही निळीच म्हणत होता, जणू ती पहिल्यापासून निळीच होती. पिनाकीनं पेला खाली ठेवला आणि तोही निळ्या छत्रीत शिरला.

शर्बरीनं गाता गाता नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर भादुडींना सोपं गेलं असतं. तिनं फक्त मानेनं खूण केली, की या.

तिच्या मनगटावर त्यांच्या बोटांचे लाल वळ होते.

भादुडींनी घसा साफ केला. दार लोटून घेतलं, कारण बाहेर सेनशर्मा होते. त्याचीही त्यांना लाज वाटली, म्हणून दार पुन्हा उघडलं. मग जमिनीकडे बघत, बुलुदाच्या रिकाम्या चपलेवर नजर ठेवून, ते अगदी हळू म्हणाले, "निळ्या..."

"मोठ्यानं!" बुलुदा ओरडला. "मागे ऐकू येत नाही!"