टिकली आणि भिंतीतली वीज

मित्रांनो, मी एक जुना, फुटका बल्ब आहे. टॉर्चमधला, बोराएवढा. कारखान्यात माझ्या पोटात केसाहून बारीक तार बसवली, तेव्हापासून मी भित्राच. इतक्या नाजूक जिवाला कोण कसं हाताळेल, याचा काय भरवसा!

शाळेत मात्र माझं नशीब उघडलं. विज्ञानाच्या बाई पहिलीच्या मुलांपुढे सेल आणि दोन तारा ठेवायच्या. तारा जुळल्या की मी पेटायचो आणि मुलं टाळ्या पिटायची. फक्त टिकली मागे मागे राहायची. अंगाने एवढीशी, म्हणून तिला सगळे टिकली म्हणत. एकदा बाई तिला हसून म्हणाल्या, "अगं, घाबरतेस काय? वीज काही चावत नाही!"

बाई बोलल्या ते सेलच्या विजेबद्दल. टिकलीने ते सगळ्याच विजेला लावलं.

मग दोन सेल जोडले, मी जास्त उजळलो. तीन जोडले तेव्हा मुलांचे डोळे दिपले. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला, तशी टिकली मला तारांसकट घेऊन भिंतीतल्या प्लगकडे निघाली.

"यात खूप वीज असते," ती मला म्हणाली. "बघच, तू केवढा चमकशील!"

मी फुटलो असतो, त्याचं काही नाही. पण तारा त्या चिमुकल्या बोटांत होत्या, आणि मला ओरडता येत नाही हो! तिने तारा आत सारल्या. फट्कन आवाज झाला, माझी काच उडाली, दिवे गेले. टिकली जमिनीवर पडली होती आणि हलत नव्हती.

बाई धावत आल्या, तिला पोटाशी धरलं. तेव्हा कुठे तिने भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

बोटाला पट्टी बांधून ती परत आली, ती दिव्याच्या बटणालाही भिणारी. बाई तिच्याजवळ बसल्या. "चुकलं माझंच, बाळा. मी अर्धंच सांगितलं. सेलच्या विजेने खेळायचं, भिंतीतल्या विजेला हातसुद्धा लावायचा नाही."

पुढच्या तासाला टेबलावर नवा बल्ब आला. टिकलीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"बाई, ही कुठली वीज?"

"सेलची."

मग हळूच एक बोट पुढे आलं.

मित्रांनो, तारेला हात लावण्याआधी तुम्हीही विचारा. कुणी हसलं, तर खुशाल हसू दे.