वेष्टनाला पडलेली भेग

त्रिशूरच्या एका लहान इस्पितळात डॉ. अंबुजम वारियर सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत होत्या. रोज दुसऱ्यांच्या गाठी पाहायच्या, पण त्या माणसांची तोंडं क्वचितच दिसायची.

त्या दिवशी काचेखाली सारसाक्षीची थायरॉइडची गाठ होती. ताडीच्या दुकानात रांधणारी ही बाई. सर्जन फिलिपनं तिच्या थायरॉइडचा उजवा भाग गाठीसकट काढला होता. अशा गाठीभोवती पातळ वेष्टन असतं. ते शाबूत असेल तर गाठ साधी, पेशी ते भेदून बाहेर पडल्या असतील तर कॅन्सर. आणि इथं एका जागी वेष्टन तुटलेलं होतं.

फिलिपचा फोन आला. अंबुजमना तो चेची, म्हणजे ताई, म्हणायचा. "चेची, कॅन्सर लिहून टाका. सोमवारी उरलेला भागही काढतो."

"तुझे हात फार शिवशिवतायत रे! थांब जरा."

अंबुजमनी उरलेलं सगळं वेष्टन कापून काचांवर घ्यायला सांगितलं. एकतीस काचा झाल्या. सगळीकडे वेष्टन धड होतं. पण ती एक भेग त्यांना स्वस्थ बसू देईना.

तिसऱ्या दिवशी सारसाक्षी गळ्याला पट्टी बांधून थेट प्रयोगशाळेत येऊन उभी राहिली.

"गळा माझा, गाठ माझी, आणि मलाच कुणी काही सांगत नाही!" तिचा आवाज घोगरा झाला होता. "ऑपरेशनच्या आधी गाठ तपासायला सुया टोचल्या, त्याही दोनदा. पहिल्यांदा नुसतं रक्तच आलं म्हणे."

"दोनदा?" अंबुजम ताठ बसल्या. तपासणीच्या कागदावर एकदाच लिहिलं होतं. "बस इथं. हलू नकोस."

त्यांनी ती काच पुन्हा लावली. भेगेभोवती जुन्या रक्ताचे गंजासारखे तपकिरी कण, भरत आलेल्या जखमेचे धागे. सुईची वाट होती ती. पेशी आपणहून बाहेर पडल्याच नव्हत्या.

त्यांनी मान वर केली. "साधी गाठ आहे, सारसाक्षी. कॅन्सर नाही. पुन्हा ऑपरेशनही नाही."

सारसाक्षीनं पदरानं डोळे पुसले, मग नाकही. "मग त्या फिलिप डॉक्टरांना सांगा, सोमवारी मला वेळ नाही."

अंबुजमनी फिलिपला फोन करून सगळं सांगितलं. "बरं झालं थांबवलंत, चेची," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी दोघं डॉक्टर सारसाक्षीच्या ताडीच्या दुकानात बाकावर बसून उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि माशाची लालभडक आमटी खात होते. तिखटानं फिलिपच्या डोळ्यांना धार लागली होती. सारसाक्षी आतून ओरडली, "अजून वाढू का?"