सगळ्यात निळं पाणी

तळ्याकाठच्या फलकावरचं कापड सरकलं आणि नकाशेवालीच्या पायाखालची जमीनच सरकली. पावसाचं पाणी रस्त्यावरचं तेल, कचरा घेऊन कुठल्या गटारातून तळ्यात उतरतं, हे लोकांना एका नजरेत कळावं म्हणून तिनं नकाशा रंगवला होता. जितकी घाण जास्त, तितका लाल गडद. फलकावर लाल औषधालाही नव्हता. सगळा मेला निळा!

"ताई, हे काय?" फलक लावणाऱ्या खात्याची प्रमुख तिची सख्खी बहीणच होती.

"लाल बघून वरचे बिथरले असते. आकडे तुझेच आहेत गं, फक्त रंग बदललाय. उगाच राईचा पर्वत करू नकोस."

पाठच्या बहिणीचा केसानं गळा कापून वर ही मखलाशी!

तेवढ्यात एका बाईनं फलकावरच्या सगळ्यात गडद निळ्यावर बोट ठेवलं आणि पोराची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "चल, तिकडं खेळू. तिथलं पाणी छान निळं आहे."

तिकडं म्हणजे मोठ्या गटाराच्या तोंडाशी.

"अहो, थांबा!" नकाशेवाली ओरडत धावली.

लाल दिसला की थांबायचं, हे लहानपणी रस्ता ओलांडताना तिला ताईनंच हात धरून शिकवलं होतं.